पट, पडदा आणि धानाची बांधी

सावकाश बसा. हे वाचून होईपर्यंत दुसरं काही हाती घेऊ नका. आपल्याला दोन जागांवर जाऊन यायचं आहे. एक फार लांबची, दुसरी वैनगंगेच्या खोऱ्यातली. दोन्ही जागा खेळासाठी आणि कलेसाठी केलेल्या. तिथे काही मिळवायचं नाही. उभं राहायचं, बघायचं, आणि मनात जे येईल ते येऊ द्यायचं.

लांबची आधी बघू. एस्टोनिया देशाच्या टॅलिन शहरात, बाल्टिक समुद्राच्या काठावर, बंदराला लागून दगड आणि काँक्रीटची एक अवाढव्य वास्तू पसरलेली आहे. १९८० साली मॉस्कोला ऑलिंपिक झालं. आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक आणलं ते हेच. शिडाच्या नौकांच्या शर्यतींना समुद्र लागतो आणि मॉस्कोला समुद्र नाही, म्हणून त्या शर्यती टॅलिनला झाल्या. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. त्या निमित्ताने ही वास्तू उभी राहिली आणि तिला लेनिनचं नाव दिलं गेलं : लेनिन संस्कृती आणि क्रीडा भवन. आता तिला लिनाहॉल म्हणतात. राइने कार्प या वास्तुकाराने ती मुद्दाम बसकी ठेवली, जुन्या शहरातून दिसणारा समुद्र झाकला जाऊ नये म्हणून. आत चार हजारांवर माणसं बसतील असं सभागृह, शेजारी बर्फावरच्या खेळांचं मैदान, आणि छतावर चढून पलीकडे समुद्राकडे उतरणाऱ्या रुंद पायऱ्या.

त्या पायऱ्यांवर मनाने उभे राहा. समोर राखाडी पाणी. पायाखालच्या दगडांच्या सांध्यांतून गवत वर आलेलं. भिंतींवर रंगाच्या फवाऱ्याने कुणीकुणी नावं लिहिलेली. बर्फाचं मैदान २००९ मध्ये बंद झालं, सभागृह २०१० मध्ये. शहरातली तरुण मुलं संध्याकाळी अजूनही पायऱ्यांवर येऊन बसतात, सूर्य समुद्रात बुडेपर्यंत थांबतात. आतल्या खुर्च्यांवर मात्र कुणी बसत नाही. २०२० मध्ये आलेल्या 'टेनेट' या इंग्रजी चित्रपटाच्या सुरुवातीला गच्च भरलेलं नाट्यगृह दिसतं ना, ते हेच. चित्रीकरणापुरतं भरलं होतं.

इथे घाईने निकाल देऊ नका. सोव्हिएत राजवटीने पुष्कळ क्रौर्य केलं, ते विसरायचं कारण नाही. पण गिरणीतल्या, गोदीतल्या माणसाला संध्याकाळी खेळायला जागा हवी आणि रात्री गाणं ऐकायला जागा हवी, आणि दोन्ही एकाच ठिकाणी मिळावं, या कल्पनेबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ती त्यांनी शहराशहरांत बांधून काढली. शेजारच्या लिथुआनियातल्या विल्नियसमध्ये १९७१ साली असंच एक संगीत आणि क्रीडा भवन झालं, तेही ज्यूंच्या जुन्या दफनभूमीवर. पुढे १९८८ मध्ये त्याच भवनात लिथुआनियाच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या चळवळीचं पहिलं अधिवेशन भरलं, आणि जानेवारी १९९१ मध्ये सोव्हिएत रणगाड्यांपुढे मेलेल्यांचे देह अंत्यदर्शनासाठी तिथेच ठेवले गेले. बांधणाऱ्याने एक ठरवलं, जमलेल्या माणसांनी दुसरंच केलं. २००४ पासून तेही बंद आहे.

आता एक प्रश्न मनात धरा आणि त्याचं उत्तर लगेच शोधू नका. छप्पर शाबूत आहे, खुर्च्या आहेत, समुद्र आहे. मग कमी काय पडलं?

तो प्रश्न घेऊन आता वडशाला चला.

नकाशावर देसाईगंज लिहिलेलं असतं, लोकांच्या तोंडी वडसा. गोंदिया–बल्लारशा मार्गावरचं स्टेशन, गडचिरोली जिल्ह्यातलं. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला. पण ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली इकडे आणि आरमोरी, कुरखेडा तिकडे, ही माणसं जिल्ह्याच्या रेषेने वेगळी झाली नाहीत. सोयरीक तीच, बोली तीच, धान तेच. भंडारा आणि गोंदिया धरून या सगळ्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीच्या आसपास वडशाच्या रस्त्यावरून चालत जा. दुकानांच्या रांगेत नाटक कंपन्यांची कार्यालयं लागतात, दारावर नव्या नाटकांचे भडक रंगांचे फलक, नट-नट्यांचे मोठाले चेहरे. आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जवळपासच्या गावातल्या मंडळाची चार पोरं बसलेली असतात. त्यांना तारीख हवी असते. कुठलं नाटक, हिरॉईन कोण, कॉमेडी कोण करणार, लावणीला कोण येणार, हे सगळं विचारून झालं की विसार दिला जातो आणि वहीत गावाचं नाव चढतं. भाऊबीजेपासून होळीपर्यंत या वह्या भरतात. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीला अनुदानाची, नाट्यगृहांच्या तारखांची चिंता असते. इथे खेडी स्वतः पैसे उभे करून नाटक बोलावतात.

आपल्याला मात्र कार्यालयात थांबायचं नाही. गावात जायचं आहे, बांधीवर.

बांधी म्हणजे धानाचं शेत. कार्तिक-मार्गशीर्षात धान कापून झालेलं असतं. पायाखाली कापल्या धानाची खुंटं, मधूनच भेगाळलेली काळी जमीन, आणि दूर मामा तलावाची पाळ. माजी मालगुजारी तलाव म्हणून मामा तलाव. या तलावांच्या पाण्यावर इथलं धान पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलंय. मनाने चपला काढा आणि खुंटांवर पाय ठेवा. टोचतं. याच मुलखातल्या, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक माणसाने एका वेगळ्या दिसलेल्या लोंबीवर नजर ठेवून, वर्षानुवर्षं निवड करत एचएमटी धानाचं वाण तयार केलं. तो तांदूळ देशभर पोचला. दादाजी २०१८ मध्ये गेले. त्यांची आठवण इथे विषयांतर म्हणून करत नाही. ज्या जमिनीवर आपण उभे आहोत तिचा मूळ धंदा धान आहे. खेळ आणि नाटक तिला पिकांच्या मधल्या दिवसांत मिळालेले आहेत, हे पायाला कळू द्या.

या बांध्यांचे मधले धुरे, म्हणजे बांध, फोडून, जमीन सारखी करून लांबच लांब पट्टा तयार केला जातो. दोन्ही बाजूंना दोर, बांबू, काही ठिकाणी लोखंडी कठडे. हा शंकरपट. बैलांच्या शर्यतीचं मैदान. कुठे घड्याळ लावून एकेक जोडी सोडतात, कुठे दोन जोड्या शेजारी शेजारी धावतात. धावणारी गाडी म्हणजे नुसता सांगाडा : दोन चाकं, दांड्या, आणि वर जेमतेम पाय टेकवायला जागा. त्यावर धुरकरी.

पट्ट्याच्या सुरुवातीच्या टोकाला जा, जिथे जोड्या उभ्या असतात. तिथे फार बोलू नका. एका बैलाजवळ थांबा. पांढरा, पाठीवर हलकी राखाडी झाक, शिंगांना वॉर्निश, गळ्यात घुंगरांचा पट्टा. मालकाने त्याला रात्रभर जागून शेकलं असेल, सकाळी पुसून काढलं असेल. त्याच्या नाकपुड्या बघा. श्वास भरतो तशा फुलतात आणि मिटतात. कातडीवर माशी बसली की तेवढाच तुकडा थरथरतो, बाकी अंग दगडासारखं. त्याच्या श्वासाबरोबर आपला श्वास जरा मोजून बघा. आपला लहान पडतो.

मग कुणीतरी ओरडतं, माणसं बाजूला होतात, आणि काही सेकंदांत ते सगळं अंग पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलेलं असतं. धूळ उशिरा खाली बसते. ज्यासाठी दहा गावांतून माणूस आला, ते एवढंच. पापणी लवली तर हुकलं. पण माणसं दिवसभर धुऱ्यांवर उभी राहतात, दोन धावांमधला रिकामा वेळ बोलण्यात जातो, आणि मला वाटतं, पटाचा खरा वेळ तोच.

बैलापाशी अजून थोडं थांबायला हवं, कारण इथे एक अवघड गोष्ट आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. बैलाच्या वेदनेचा मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता. शेपटी पिरगाळणं, तुतारीच्या, म्हणजे अणकुचीदार काठीच्या, टोकाने टोचणं, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला, प्रकरण पुन्हा न्यायालयात अडकलं. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तमिळनाडू आणि कर्नाटकासोबत महाराष्ट्राचाही कायदा ग्राह्य धरला. आता बैलाला इजा करणारी कोणतीही वस्तू वापरायला मनाई आहे. ज्या पटात धुरकऱ्याच्या मुठीत तुतारी दिसते त्या पटाची बाजू मी घेणार नाही. ज्याच्या श्वासाशी आपण आत्ता श्वास जुळवला, त्याला टोचून मिळालेला आनंद आपल्याला नको. पोसलेला, धष्टपुष्ट बैल मोकळा सोडला तरी धावतो, आणि तसाच धावायला हवा.

त्या बंदीच्या वर्षांत एक गोष्ट स्पष्ट दिसली. पट थांबले, पण मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरत राहिल्या आणि नाटकं होत राहिली. ज्या कारणांसाठी लोक जमत होते त्यांतलं एक कारण काढून घेतलं, तरी जमणं उरलं. मघाचा प्रश्न आठवत असेल तर त्याच्याशेजारी हे ठेवा, आणि उन्हं उतरायची वाट बघा.

उन्हं उतरली की पटावरून गर्दी गावाकडे वळते. वाटेत मंडई. आलूबोंडे कढईत, जिलेबीचं तेल तापलेलं, उकडलेल्या शिंगाड्यांचे काळे ढीग, बांगड्यांची दुकानं, फुगे, पाळणा. पोट्टे आईबापांचा हात सोडून पुढे पळतात. यातून हळू चाला. एखाद्या घराच्या अंगणात डोकावलात तर पाट-चटया टाकलेल्या दिसतील आणि ओसरीवर अनोळखी चपलांचा ढीग. पटाला आणि नाटकाला घराघरात पाहुणे येतात. लेकी-जावई येतात, व्याही येतात, लेकीच्या नणंदेच्या सासरचे येतात. बोलावणं आठवडाभर आधी गेलेलं असतं : "पट हाये आमच्या गावाले, नाटकही हाये. याच लागते." लग्नाच्या वयाची मुलगी घरात असेल तर मुलगा बघायलाही हाच मुहूर्त. कुणाला न सांगता दोन घरं एकमेकांना बघून घेतात, आणि पुढे माघात-फाल्गुनात सोयरीक जुळते. झाडीपट्टीतल्या कितीतरी संसारांचा आरंभ नाटकाच्या रात्री झालेला आहे.

या घरातल्या बाईकडे जरा बघा. मी नेहमी तिच्याकडे बघत राहतो. दहा-बारा माणसांचा स्वयंपाक, लाखोळीची डाळ, भात, वडे, कोंबडा शिजवायचा तर तोही. शेवटची पंगत उठेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात. भांडी उरकून, लेकराला खांद्यावर टाकून ती मांडवात पोचते तेव्हा नांदी होऊन गेलेली असते, पहिलं गाणंही झालेलं असतं. पुढच्या खुर्च्या भरलेल्या. ती मागे, तणसावर अंथरलेल्या जाजमावर जागा करून घेते, लेकराला मांडीवर निजवते, पदर डोक्यावरून घेऊन बसते. तिच्या आजच्या दिवसातलं हे पहिलं बसणं.

तिच्याशेजारी बसा. आता रात्र मोठी आहे.

मांडव कनातींनी चहूबाजूंनी बंद केलेला. वर कापड, समोर बांबू-फळ्यांचा रंगमंच, रंगवलेले पडदे : राजवाडा, जंगल, साधं घर. रंगमंचासमोर ऑर्गन, ढोलकी-तबला, ऑक्टोपॅड घेऊन वादक. डिसेंबरात इथली रात्र हाडांत शिरते. माणसं घोंगडी, चादरी, मफलर घेऊन आलेली. दहा-साडेदहाला सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालणार. कथा सरळ असते. सुनेचा छळ, भावाभावांतलं वैर, दारूने बुडालेलं घर, कर्जात अडकलेला शेतकरी. मधेमधे लावणी, मधेमधे विनोद. शहरी समीक्षक याला अतिरंजित म्हणतील. म्हणू द्या. रडणं इथे लाज वाटण्याची गोष्ट नाही. हिरोच्या आईने प्राण सोडला की मांडवात पदर डोळ्यांना लागतात, आणि दहा मिनिटांत कॉमेडी आली की तीच माणसं खदखदून हसतात. परशुराम खुणे यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. कुरखेडा तालुक्यातला हा नट पाच हजारांहून जास्त प्रयोगांतून हसवत आला आणि २०२३ मध्ये पद्मश्रीपर्यंत पोचला. त्या सन्मानाबद्दल इथल्या मांडवांमध्ये कित्येक दिवस आनंदाने बोललं जात होतं.

या नाटकाच्या आधी झाडीत दंडार होती, खडी गंमत होती. धान निघाल्यावर गावातलीच माणसं पायात चाळ बांधून रात्र जागवायची. नाटक त्याच अंगणात वाढलं. नवरगावच्या व्यंकटेश नाट्य मंडळासारख्या संस्थांनी आणि सदानंद बोरकरांसारख्या लेखकांनी त्याला सामाजिक विषय दिले. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी इथल्या बोलीला आणि लोककलेला लिहिण्यात आणलं. दक्षिणेकडे, एटापल्ली-भामरागडच्या माडिया-गोंड गावांत हे नाटक फारसं पोचत नाही. तिथे गोटुल आहे, रेला नाच आहे, आणि ते जग वेगळ्या लेखाचं आहे.

आता कान द्या. डोळे मिटून घेतलेत तरी चालेल. नटाचं वाक्य येण्याच्या अगदी आधी, विंगेकडून एक दबका, सपाट आवाज येतो. तेच वाक्य, भावाशिवाय, झरझर. मग तेच वाक्य नटाच्या तोंडून येतं, पण आता त्यात राग आहे, माया आहे, हुंदका आहे. तो दबका आवाज प्रॉम्प्टरचा. झाडीपट्टीतला नट आज एक नाटक करतो, उद्या दुसऱ्या गावात दुसरं. तालमीला वेळ नसतो. संहिता प्रॉम्प्टरच्या हातातल्या वहीत असते, विंगेत छोट्या दिव्याखाली. तो सारी रात्र सगळ्यांची वाक्यं बोलतो, बापाची, पोरीची, सावकाराची, आणि पहाटे आवाज बसलेला असतो. प्रेक्षकांना तो ऐकू येतो. कुणाला त्याचं वावगं वाटत नाही. कोरडं वाक्य आधी कानावर पडतं आणि त्याचं जिवंत झालेलं रूप मागोमाग समोर येतं, हे रात्रभर बघत राहणं मला नाटकाइतकंच आवडतं. या दोन आवाजांमधल्या क्षणात राहून बघा. सगळी नटाची कला तेवढ्यात घडते. पुष्कळ पक्क्या नाट्यगृहांत हे ऐकायला मिळत नाही, कारण तिथे ते लपवलेलं असतं.

मध्यंतर होतं. चहा, भजी. माणसं शेकोटीभोवती उभी राहून नाटकावर बोलतात, पण खरं बोलणं दुसरंच चालू असतं : कुणाचं धान किती झालं, क्विंटलला काय भाव मिळाला, कुणाच्या पोराला नोकरी लागली, कुणाच्या शेतात रानडुकरं शिरली, कुठे वाघ दिसला. ब्रह्मपुरीच्या जंगलाकडच्या गावांतून आलेले वाघाचं बोलतात तेव्हा आवाज आपोआप खाली येतो. परतीच्या वाटेवर तो असू शकतो. तरी माणसं आलेली आहेत.

इथे परत टॅलिनच्या पायऱ्या आठवा. मघाचा प्रश्न तसाच आहे ना? मला त्याचं उत्तर या शेकोटीभोवती दिसतं. लिनाहॉलला बोलावणारं कुणी उरलं नाही. राज्याने बांधलं, राज्याने बोलावलं. राज्य गेलं आणि हळूहळू बोलावणंही गेलं. नव्या देशात लोकांकडे जायला दुसरी ठिकाणं होती. एका भाचीने मामाला, एका व्याह्याने व्याह्याला "याच लागते" म्हणून त्या सभागृहाकडे ओढून नेण्याचं कारण तिथल्या लोकांच्या घरगुती जगण्यात तयार झालं नव्हतं, असं मला वाटतं. झाडीपट्टीत उलट आहे. जागा दर वर्षी मोडते. पट्ट्यावर पुन्हा धुरे घातले जातात, मांडवाचे बांबू ट्रकवर चढून पुढच्या गावाला जातात, जूनमध्ये पाऊस पडला की तिथे धानाच्या रोपांचं परहं टाकलं जातं. ज्या जागी हिरोची आई मेली त्या जागी आषाढात बायका चिखलात वाकून रोवणा करतात. जागा राहिली नाही, बोलावणं राहिलं. आणि बोलावणं राहिलं म्हणून जागा दर वर्षी पुन्हा होते.

हे मनात मुरू द्या, पण एवढ्यावर भाळूनही जाऊ नका. मोडणाऱ्या जागेचं कौतुक करणं सोपं असतं, विशेषतः ज्याला सकाळी गाडीत बसून निघून जायचं आहे त्याला. जी माणसं रात्रभर इथे काम करतात आणि बसतात त्यांच्यासाठी ही जागा अवघडही आहे. २०२० च्या हंगामात कोरोनामुळे नाटकं थांबली तेव्हा नट, वादक, पडदेवाले, प्रॉम्प्टर, मेकअप करणारे, सगळ्यांचीच कमाई थांबली. हंगामभर ही माणसं प्रयोग संपवून पहाटे निघतात, दिवसा कुठेतरी झोपतात, रात्री शंभर मैलांवरच्या गावात उभी राहतात. जंगलातल्या रस्त्यांवरून, झोपेने जड झालेल्या चालकाच्या गाडीत. नाटकातल्या मुलींकडे गावात कुणी कसं बघावं याचे संस्कार अजून पुरते झालेले नाहीत. आणि मघाशी जिच्याशेजारी आपण बसलो होतो, ती बाई मध्यरात्री उठून अंधारात शेताकडे जाते, कारण मांडवात तिच्यासाठी कोपरा केलेला नसतो.

म्हणून झाडीपट्टीला भव्य पक्कं नाट्यगृह बांधून द्या, अशी मागणी ऐकली की मला आनंद होतो आणि काळजीही वाटते. शहरात एक चांगलं नाट्यगृह असावं, तालमीला जागा असावी, यात दुमत नाही. पण नाट्यगृह झालं म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं भलं झालं असं समजून सरकारने हात झटकू नयेत. तिची ताकद गावोगावच्या बांध्यांवर आहे, एका पत्त्यावर नाही. तिला हवं ते साधं आहे : कलावंतांचा विमा, म्हातारपणाचं मानधन वेळेवर, रात्रीच्या प्रवासाला दुसरा चालक, आगीपासून सुरक्षित वायरिंग, मांडवात बायकांसाठी स्वतंत्र वाट. टॅलिनला केवढा दगड रचला गेला! आपल्याला तेवढ्या दगडाची गरज नाही. त्याच्या शतांश खर्चात जी माणसं दर वर्षी जागा उभी करतात त्यांना टिकवता येईल.

पहाट झाली. पूर्वेकडे झाडांच्या रेषेवर उजेड येतोय. शेवटचा प्रवेश असतो, सत्य उघड होतं, दुष्टाला शिक्षा होते, दुरावलेले भेटतात. मागच्या रांगेतली लेकरं जागी होऊन डोळे चोळतात. कुणी टाळ्या वाजवत नाही फारशा. उठतात, चादरी झटकतात, आणि पाहुण्यांना घेऊन चहाला घराकडे निघतात. पाहुणे आज दुपारच्या गाडीने जातील किंवा दुसऱ्या दिवशीचा पट बघून. जाताना त्यांच्या गावच्या नाटकाची तारीख सांगतील, आणि या घरच्यांनाही तेच ऐकावं लागेल : याच लागते.

भाऊबीज झाली की तुम्हीही या. नागपूर, चंद्रपूर, पुणे, कुठेही असा, झाडीपट्टीत ओळखीचं कुणी असेल तर त्यांना नाटक कधी आहे ते विचारा. कुणी नसेल तर वडशाच्या कुठल्याही कंपनीत जाऊन विचारा, सांगतील. फुकटचा पास मागू नका, तिकीट काढा. मागे तणसावर बसा. मध्यंतराला उठून जाऊ नका, उजाडेपर्यंत थांबा. नटीचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढू नका. आणि तुम्ही गावातल्या मंडळात असाल, या वर्षीचा विसार तुम्हीच देणार असाल, तर हात जोडून एक विनंती आहे : तिकिटाच्या पहिल्या पैशातून मांडवाशेजारी बायकांसाठी दारं-दिवे असलेली शौचालयं उभी करा, आणि त्यातून उरलेल्या पैशात कमानीवरची रोषणाई करा.